गुरुमाउली ॲन सलिव्हन

हेलन केलर हे नाव ज्याच्या कानावरून गेलेले नाही असा विद्यार्थी विरळाच. वयाच्या एकोणिसाव्या महिन्यात दृष्टी आणि श्रवण या दोन्ही शक्तींना मुकलेली ही बालिका पुढे विद्यापीठाची पदवीधर झाली, तिने ग्रंथ लिहिले आणि देशोदेशी हिंडून अंधांच्या व अपंगांच्या सेवेत आयुष्य वेचले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु देवळाचा कळस पाहणाऱ्याची नजर सहसा पायाकडे वळत नाही. हेलनच्या आयुष्याचा पाया जिने घातला, त्या शिक्षिकेचे नाव ॲन सलिव्हन. हेलनचे चरित्र म्हणजे अर्धे या बाईंचेच चरित्र होय.

प्रसिद्ध अमेरिकन साहित्यिक मार्क ट्वेन यांनी बाईंचा गौरव चमत्कार घडविणारी स्त्री म्हणून केला. पुढे १९५९ साली रंगभूमीवर आलेल्या आणि १९६२ साली चित्रपटरूप पावलेल्या नाटकाने तेच बिरुद जगभर नेले. गौरव यथार्थ आहे; तथापि चमत्कार या शब्दात एक धोका दडलेला आहे. चमत्काराकडे पाहून मनुष्य हात जोडतो आणि घरी जातो. त्याचे अनुकरण करण्याचा विचार त्याच्या मनात येत नाही. पद्धतीचे मात्र अनुकरण करता येते. सलिव्हनबाईंनी जे केले त्यात पद्धत होती, पूर्वसूरींचे ऋण होते, अहोरात्र कष्ट होते आणि स्वतः सोसलेल्या दुःखातून आलेली जाण होती. ते सारे समजून घेण्यासाठी त्यांच्या बालपणापासूनच आरंभ केला पाहिजे.

ॲनीचा जन्म १४ एप्रिल १८६६ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील फीडिंग हिल्स या खेड्यात झाला. आईबाप आयर्लंडमधून पोटासाठी परदेशी आलेले, निरक्षर आणि अत्यंत दरिद्री. बापाला दारूचे व्यसन होते. ॲनी पाच वर्षांची असताना तिच्या डोळ्यांना खुपऱ्यांचा विकार जडला. या रोगात पापण्यांच्या आतल्या बाजूस खरखरीत पुटकुळ्या उठतात, पापण्या बुबुळावर घासत राहतात आणि हळूहळू बुबुळावर वण पडून दृष्टी मंदावत जाते. दाटीवाटीची वस्ती आणि अस्वच्छ पाणी जेथे असते, तेथे हा रोग फोफावतो. आपल्या देशातही एके काळी तो सर्वत्र होता. सार्वजनिक आरोग्याची समस्या या स्वरूपात भारतातून त्याचे उच्चाटन झाल्याची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली दिली. आज या रोगावर औषध आहे. त्या काळी ते नव्हते, आणि असते तरी सलिव्हन कुटुंबाला परवडले नसते.

ॲनी आठ वर्षांची झाली तोच आई क्षयाने वारली. बापाने मुलांचा भार टाकून दिला. धाकट्या बहिणीला नातलगांनी ठेवून घेतले. पण आंधळी होऊ लागलेली ॲनी आणि कमरेच्या सांध्याच्या क्षयाने लंगडणारा तिचा लहानगा भाऊ जिमी यांना कोण घेणार? २२ फेब्रुवारी १८७६ रोजी या दोन भावंडांची रवानगी ट्यूक्सबरी येथील सरकारी निराधारगृहात झाली. वृद्ध, वेडे, रोगी, निराश्रित बायका आणि अनाथ मुले या सर्वांना एकाच आवारात कोंबणारे ते स्थान होते. काही महिन्यांतच जिमी तेथे मरण पावला. जगात जिवाभावाचे म्हणावे असे जे एकच माणूस ॲनीजवळ उरले होते, तेही गेले.

निराधारगृहात अन्न मिळे, छप्पर मिळे. शिक्षण मात्र मिळत नसे. अंध मुलांसाठी बोस्टन येथे शाळा आहे असे कुणाच्या तरी बोलण्यातून ॲनीच्या कानी आले, आणि त्या शाळेत जावयाचे या एका ध्यासाने तिने पुढील दिवस कंठले. १८८० साली राज्याच्या धर्मादाय मंडळाचे प्रमुख फ्रँक सॅनबॉर्न हे निराधारगृहाच्या पाहणीस आले. पाहुण्यांचा घोळका एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होता आणि ही चौदा वर्षांची मुलगी चाचपडत त्याच्या मागून फिरत होती. घोळका निघून जाण्याच्या बेतात आला, तेव्हा धीर करून ती पुढे धावली आणि मला शाळेत जावयाचे आहे, अशी तिने आर्त विनवणी केली. तिचे भाग्य त्या दिवशी उघडले. पण क्षणभर विचार करा: त्या दिवशी ते गृहस्थ आलेच नसते तर? किंवा तिला बोलण्याचे धैर्य झाले नसते तर? ट्यूक्सबरीत राहिलेल्या इतर मुलांची नावे आज कुणालाही ठाऊक नाहीत.

७ ऑक्टोबर १८८० रोजी ॲनीने बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत पाऊल टाकले. चौदा वर्षांची ही मुलगी लिहू-वाचू शकत नव्हती, स्वतःच्या नावाची अक्षरेही तिला जुळविता येत नव्हती. बरोबरीच्या मुली सुखवस्तू घरांतून आलेल्या. त्या तिला हसत. अपमानाने ती संतापे, उलट बोले, शिक्षकांशी भांडे. तरीही बुद्धी तल्लख असल्यामुळे तिने हां हां म्हणता मधले अंतर कापले. १८८१ व १८८२ साली डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि साधी छापील पुस्तके वाचता येतील इतपत दृष्टी तिला परत मिळाली. १८८६ साली ती शाळेतून उत्तीर्ण झाली तेव्हा वर्गाच्या वतीने निरोपाचे भाषण करण्याचा पहिल्या क्रमांकाचा मान तिला मिळाला होता.

या सहा वर्षांत तिला मिळालेली सर्वांत मोलाची शिदोरी निराळीच होती. पर्किन्समध्ये त्या वेळी लॉरा ब्रिजमन नावाची प्रौढ स्त्री राहत असे. लॉरा दोन वर्षांची असताना तापाने तिचे डोळे आणि कान दोन्ही गेले होते. १८३७ साली पर्किन्सचे पहिले संचालक डॉ. सॅम्युएल ग्रिडली होवे यांनी तिला शाळेत आणले. अंध आणि बधिर मुलाला शिक्षण देणे अशक्य, असा त्या काळचा समज होता. होवे यांनी चमचा, सुरी, किल्ली अशा नित्याच्या वस्तूंवर त्यांची नावे उठावाच्या अक्षरांत चिकटविली. लॉराची बोटे वस्तूवरून आणि अक्षरांवरून पुनःपुन्हा फिरविली. कित्येक आठवडे ती केवळ नक्कल करीत राहिली. एके दिवशी मात्र या खुणांच्या साहाय्याने आपल्या मनातले दुसऱ्याला कळविता येते हे तिला उमगले. पुढे तिला करपल्लवी शिकविण्यात आली. प्रत्येक अक्षरासाठी बोटांची एक ठरावीक रचना आणि ती समोरच्याच्या तळहातात उमटवावयाची, असा हा संभाषणाचा प्रकार होय. लॉराशी गप्पा मारता याव्यात म्हणून ॲनीनेही करपल्लवी शिकून घेतली. तेव्हा तिला कल्पना नव्हती की ही सहज शिकलेली विद्या तिच्या आयुष्याचे साधन ठरणार आहे.

इकडे दक्षिणेकडील अलाबामा राज्यात टस्कंबिया या लहानशा गावी केलर कुटुंब चिंतेत होते. २७ जून १८८० रोजी जन्मलेली त्यांची हेलन १८८२ च्या आरंभी तापाने अंध व बधिर झाली. कान नाहीत म्हणून वाचाही नाही. मनातले सांगण्यासाठी तिने स्वतःच्या काही खुणा बनविल्या होत्या. पण वाढत्या बुद्धीला त्या अपुऱ्या पडत आणि मग संतापाचे झटके येत. डिकन्सने अमेरिकेच्या प्रवासवर्णनात केलेली लॉरा ब्रिजमनची हकीगत आईच्या वाचनात आली. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे बधिरांच्या शिक्षणाचे जाणकार होते. वडिलांनी हेलनला त्यांच्याकडे नेले. बेल यांनी पर्किन्सला लिहिण्याचा सल्ला दिला, आणि तेथील संचालक मायकेल अनॅग्नोस यांनी या कामासाठी आपल्या नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थिनीची निवड केली. महिना पंचवीस डॉलर वेतन ठरले. निघण्यापूर्वीचे काही महिने ॲनीने होवे यांची जुनी टिपणे आणि अहवाल वाचून काढण्यात घालविले.

३ मार्च १८८७ रोजी सलिव्हनबाई टस्कंबियास उतरल्या. वय अवघे वीस. सामानात पर्किन्सच्या मुलांनी पाठविलेली एक बाहुली होती. तिचे कपडे खुद्द लॉरा ब्रिजमनने शिवलेले होते. बाहुली हेलनच्या हाती देऊन बाईंनी तिच्या तळहातावर बाहुली या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची अक्षरे उमटविली. हेलनने नक्कल केली. पण आपण एक शब्द लिहीत आहोत, किंबहुना शब्द म्हणून काही असतो, हेच तिला ठाऊक नव्हते. एकदा तर ती घरच्या कुत्रीचा पंजा धरून तिलाही तीच अक्षरे शिकवू लागली.

आरंभीचे दिवस संघर्षाचे होते. घरच्यांनी दयेपोटी या मुलीस कधी अडविले नव्हते. जेवताना ती प्रत्येकाच्या ताटात हात घाली. बाईंनी आपल्या ताटाला हात लावू दिला नाही, तेव्हा हेलनने जमिनीवर लोळण घेतली. घरची माणसे उठून गेली. बाई मात्र हटल्या नाहीत, आणि हेलनने चमच्याने खाऊन रुमालाची घडी केल्यावाचून त्यांनी तिला भोजनगृहाबाहेर सोडले नाही. एकदा हेलनने बाईंना खोलीत कोंडून किल्ली दडविली. शेवटी शिडी लावून त्यांना खिडकीतून उतरवून घ्यावे लागले. आईबापांचे प्रेमच येथे अडथळा होत आहे हे ओळखून बाईंनी त्यांची संमती मिळविली आणि हेलनला घेऊन बागेतील एका लहान घरात त्या सुमारे दोन आठवडे राहिल्या. तेथे त्या दोघींवाचून हेलनला दुसरा आधार नव्हता. हळूहळू विश्वास निर्माण झाला. कीव करणे आणि प्रेम करणे यांतील भेद बाईंना ठाऊक होता. त्यांनी स्वतः कीव पुष्कळ अनुभवली होती, आणि कीव माणसाला वाढू देत नाही, हे त्या जाणून होत्या.

५ एप्रिल १८८७ हा दिवस आला. पेला आणि पाणी या दोन शब्दांचा हेलनचा घोटाळा होत होता. बाई तिला हातपंपाजवळ घेऊन गेल्या. एका हातावर गार पाण्याची धार पडत होती आणि दुसऱ्या तळहातावर बाई पाणी हा शब्द, आधी सावकाश व मग भराभर, उमटवीत होत्या. हेलन एकाएकी निश्चल झाली. हातातील पेला गळून पडला. हातावरून वाहणाऱ्या या थंडगार पदार्थाला नाव आहे, आणि जगातील प्रत्येक वस्तूला असेच नाव असते, हे तिला त्या क्षणी कळले. तिने जमिनीकडे बोट करून तिचे नाव विचारले, पंपाचे विचारले, आणि मग वळून बाईंचे नाव विचारले. बाईंनी शिक्षिका या अर्थाचा टीचर हा शब्द तिच्या हातावर लिहिला. त्यानंतर जन्मभर हेलनने त्यांना त्याच नावाने हाक मारली. काही तासांत तीस नवे शब्द तिच्या संग्रही जमा झाले.

लोक येथेच कथा संपवितात. वास्तविक शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग येथून सुरू होतो. त्याच सुमारास सलिव्हनबाई हेलनच्या सुमारे पंधरा महिन्यांच्या एका चुलत भावंडाचे निरीक्षण करीत होत्या. त्या बाळाला बोलता येत नव्हते; पण नाक कुठे, दार कुठे, असे विचारले की ते बोट दाखवी. म्हणजे बोलण्याच्या कितीतरी आधी मुलाला भाषा कळू लागते, आणि ती कळते धड्यांनी नव्हे, तर भोवतालची माणसे दिवसभर बोलत असतात त्यामुळे. आपल्या गोव्यातील मुलांचाच अनुभव पाहा. घरातील कोंकणी आम्हांस कुणी शब्दांच्या याद्या देऊन शिकविली? आजीच्या, आईच्या आणि शेजाऱ्यांच्या बोलण्यातून ती कधी अंगी मुरली हे कळलेही नाही. बाईंनी मनाशी ठरविले की बाळाच्या कानात जशी माणसे बोलतात, तसे आपण हेलनच्या तळहातात बोलावयाचे. सुट्या शब्दांत न बोलता पूर्ण वाक्यांत बोलावयाचे. तिला सगळे कळले नाही तरी हरकत नाही. ठरावीक वेळेचे ठरावीक पाठ त्यांनी बाजूला ठेवले. होवे यांनी घालून दिलेल्या वाटेने त्या आल्या होत्या. परंतु पुढचा रस्ता त्यांनी स्वतः पाडला.

त्यांची शाळा बहुतेक उघड्यावर भरे. टेनेसी नदीच्या काठी जुन्या धक्क्यावर हेलन खडे रचून धरणे बांधी, बेटे व सरोवरे बनवी आणि खेळता खेळता भूगोल शिके. लिलीच्या कळ्या उमलताना ती बोटांनी पाही, काचेच्या भांड्यातील बेडकाच्या पिलांची वाढ न्याहाळी. वाचनासाठी बाईंनी तिला उठावाच्या अक्षरांत शब्द छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे दिले. हेलन ते शब्द वस्तूंवर ठेवून वाक्ये जुळवी. एकदा मुलगी हा शब्द आपल्या कपड्याला टाचून ती कपाटात जाऊन उभी राहिली आणि फळीवर उरलेले शब्द मांडून मुलगी कपाटात आहे हे वाक्य तिने पुरे केले. त्याच वर्षी जूनमध्ये ती पेन्सिलीने पत्र लिहू लागली. पुढे ब्रेल लिपी आली. १८९० साली बोस्टनच्या बधिरांच्या शाळेतील सारा फुलर यांच्याकडे तिने बोलण्याचे पाठ घेतले, आणि नंतर बाईंनी वर्षानुवर्षे तिच्याकडून सराव करून घेतला. बाईंच्या ओठांवर व गळ्यावर बोटे ठेवून हेलन बोलणे ओळखू लागली. तिचे स्वतःचे उच्चार मात्र परक्यांना अखेरपर्यंत कठीणच वाटत. येथे प्रयत्नांनाही मर्यादा होती.

अडचणी केवळ शिकविण्याच्या नव्हत्या. हेलन अकरा वर्षांची असताना तिने लिहून अनॅग्नोस यांना पाठविलेली एक कथा दुसऱ्या लेखिकेच्या कथेशी जुळते असे आढळले. ती कथा पूर्वी कधी तरी तिच्या हातावर वाचून दाखविली गेली होती आणि स्मरणात खोल रुजून बसली होती. पर्किन्समध्ये त्या लहान मुलीची चौकशी झाली आणि ज्या शाळेने बाईंना घडविले तिच्याशी त्यांचे संबंध कायमचे दुरावले. अंध-बधिर मुलगी काही विलक्षण करते, तेव्हा ते तिचे की तिच्या शिक्षिकेचे, हा संशय लोकांच्या मनात वारंवार डोकावे. दोघींनी तो आयुष्यभर सोसला.

१८९६ साली हेलन महाविद्यालयाची तयारी करण्यासाठी केंब्रिज येथील मुलींच्या शाळेत दाखल झाली. डोळसांच्या शाळेत, डोळस मुलींच्या बरोबरीने तिने शिकावे हा मोठा प्रयोग होता. शिक्षकांना अशा विद्यार्थिनीचा अनुभव नव्हता. सलिव्हनबाई शेजारी बसून शिक्षकांचा प्रत्येक शब्द तिच्या हातावर उमटवीत. पुष्कळ पाठ्यपुस्तके ब्रेलमध्ये नव्हतीच. काही लंडनहून व फिलाडेल्फियाहून तयार करवून आणावी लागली, ती वेळेवर येत ना. परीक्षेच्या वेळी हेलनला निराळी खोली देण्यात आली, प्रश्न तिच्या हातावर लिहिले गेले आणि तिने उत्तरे टंकलेखन यंत्रावर लिहिली. पुढे शाळेच्या चालकांना वाटू लागले की या मुलीला फार शीण होतो आहे; हेलनला बाईंपासून वेगळे करण्याचाही प्रयत्न झाला. तेव्हा हेलन शाळा सोडून घरी शिक्षकाकडे शिकू लागली. १८९९ च्या अंतिम प्रवेश परीक्षेत सलिव्हनबाई तिच्यासोबत नव्हत्या. प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये दिली गेली. पण तेव्हा अनेक प्रकारच्या ब्रेल पद्धती प्रचलित होत्या, आणि बीजगणिताची जी चिन्हे वापरली होती ती हेलनच्या सरावातील नव्हती. अशा अवस्थेतही ती उत्तीर्ण झाली. १९०० साली ती रॅडक्लिफ महाविद्यालयात गेली आणि १९०४ साली पदवी मिळविणारी जगातील पहिली अंध-बधिर व्यक्ती ठरली.

त्या चार वर्षांत सलिव्हनबाई प्रत्येक व्याख्यानास हजर होत्या. ब्रेलमध्ये नसलेले ग्रंथ तासन्‌तास वाचून त्या हेलनच्या हातावर उतरवीत. शस्त्रक्रियेने परत मिळालेली ती नाजूक दृष्टी या कामी झिजत होती, आणि डोळ्यांना विश्रांती द्यावी हा वैद्यांचा सल्ला बाजूला राहत होता. पदवीदानाच्या दिवशी पदवी हेलनला मिळाली, बाईंना नाही. टेंपल विद्यापीठाने दोघींना सन्माननीय पदवी देऊ केली तेव्हा बाईंनी आपल्यापुरता प्रथम नकारच दिला. १९३२ साली आग्रहाखातर त्यांनी ती स्वीकारली.

१९०५ साली त्यांचा विवाह जॉन मेसी या विद्वान लेखकाशी झाला. पण काही वर्षांनी पतिपत्नी विभक्त झाली. पैशाची चणचण नेहमीच असे. व्याख्यानांचे दौरे, आणि १९२० पासून काही वर्षे तर करमणुकीच्या रंगमंचावरील प्रयोगही त्यांनी हेलनसह केले. १९२४ पासून दोघी अमेरिकन अंध प्रतिष्ठानाच्या कार्यास लागल्या. ट्यूक्सबरीच्या निराधारगृहातील दिवसांविषयी मात्र त्यांनी सुमारे पन्नास वर्षे खुद्द हेलनजवळही अवाक्षर काढले नाही. दारिद्र्याची लाज माणसाच्या मनात किती खोल जाऊन बसते, याचे हे उदाहरण होय. शेवटी त्यांची उरलीसुरली दृष्टीही गेली. २० ऑक्टोबर १९३६ रोजी त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांचा हात हेलनच्या हातात होता. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथीड्रलमध्ये त्यांच्या अस्थी ठेवण्यात आल्या. १९६८ साली हेलनच्या अस्थीही त्यांच्या शेजारीच विसावल्या.

विद्यार्थी मित्रहो, या चरित्रापासून घ्यावयाचा बोध असा की अपंग मुलाच्या शिक्षणास दया पुरत नाही, व्यवस्था लागते. हेलनसाठी केलेल्या गोष्टी मोजून पाहा: मुलाच्या गरजेप्रमाणे बदललेली शिकविण्याची पद्धत, शेजारी बसणारा साहाय्यक, बोटांनी वाचता येणारी पुस्तके, परीक्षेत निराळी खोली व लिहिण्याचे निराळे साधन. आज जगभर विशेष शिक्षण म्हणून जे ओळखले जाते, त्याची बहुतेक अंगे यांत आली. फरक इतकाच की हेलनला ती सुस्थितीतल्या आईबापांमुळे, धनिकांच्या मदतीमुळे आणि दैवयोगाने लाभलेल्या शिक्षिकेमुळे मिळाली. दैवयोगावर सर्व मुलांचे भवितव्य सोपविता येत नाही. अमेरिकेत १९७५ साली कायदा झाला आणि प्रत्येक अपंग विद्यार्थ्यासाठी त्याच्या गरजेनुसार स्वतंत्र शिक्षण-आराखडा आखणे हे सार्वजनिक शाळांचे कर्तव्य ठरले.

आपल्या देशातही हे कार्य नवे नाही. ज्या १८८७ साली सलिव्हनबाई टस्कंबियास पोचल्या, त्याच साली ॲनी शार्प या बाईंनी अमृतसर येथे भारतातील पहिली अंधशाळा काढली. १९०० साली ॲना मिलर्ड यांनी मुंबईत अंध मुलांची शाळा सुरू केली. हेलन केलर १९५५ साली भारतात येऊन गेल्या, आणि १९७७ साली मुंबईत अंध-बधिर मुलांसाठी त्यांच्याच नावाची संस्था उभी राहिली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अंध-बधिरत्वाची नोंद घेतली आणि सहा ते अठरा वर्षांच्या दिव्यांग मुलांस जवळच्या शाळेत अथवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. ज्यांना स्वतः लिहिता येत नाही त्यांना परीक्षेत लेखनिक आणि तासामागे किमान वीस मिनिटे अधिक वेळ देण्याची तरतूद आहे. कुणा वर्गबंधूस हा वेळ मिळाला तर त्यास सवलत मिळाली असे म्हणून कुणी असूया करू नये. रॅडक्लिफच्या परीक्षेत अनोळखी चिन्हांशी झगडणारी हेलन आठवावी, म्हणजे तो वेळ कशासाठी असतो ते कळेल.

कायदा कागदावर असतो. तो मुलापर्यंत पोचविण्यास माणूसच लागतो. वर्गात कमी दिसणारा मित्र असेल तर फळ्यावरील मजकूर त्यास हळूच वाचून दाखवावा. कमी ऐकणारी मैत्रीण असेल तर तिच्याकडे तोंड करून सावकाश बोलावे. आणि घरात असे मूल असेल तर आईबापांनी त्यास लपवून न ठेवता निःसंकोचपणे शाळेत आणावे. ट्यूक्सबरीच्या आवारात घोळक्यामागे धावलेल्या त्या मुलीला शाळेत जाण्याची भीक मागावी लागली होती. आमच्या गावातील कोणत्याही मुलावर तशी वेळ येऊ न देणे, हेच या थोर शिक्षिकेचे खरे स्मरण होय.